एका घरात दोन कुसुम

"मॅडम, ही बाई एक तर चोर आहे, नाहीतर ही बाई मुळात नाहीच आहे," अमोघ दळवी म्हणाला आणि त्यानं चहात बिस्कीट बुडवलं.

बिस्कीट बुडवलं हो! एका बाईला चोर म्हणायचं आणि वर आरामात बिस्कीट बुडवून खायचं. आता मी रिटायर होऊन घरी घेवडा निवडत बसते, नातवंडांना ओरडते, देवळात जाते, सगळं करते. पण ते बिस्कीट आठवलं की आजही तळपायाची आग मस्तकात जाते.

"कोण बाई?" मी विचारलं.

"रोहिणी संपत जगदाळे. असेंब्लीला आहे." त्यानं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. नावाखाली ही जाड लाल पट्टी. "हिचा अंगठा आणि कुसुम ज्ञानू फाळके नावाच्या बाईचा अंगठा एकच आहे. जन्मतारीख एकच, बँकेचं खातं एकच. माणूस एक आणि नावं दोन. आमच्या भाषेत याला भुताचा पगार म्हणतात. नसलेला कामगार दाखवायचा आणि पैसे उचलायचे."

"अहो, भूत कसलं? लग्न झालं तिचं!"

"तसं सिस्टीममध्ये कुठे दिसत नाही."

"मी सांगते ना तुम्हाला."

"तुम्ही सांगून उपयोग नाही, मॅडम. सिस्टीमला पुरावा लागतो."

हा दळवी परका असता तर मी समजू शकले असते. पण हा आपल्याच इकडचा, कऱ्हाडला शाळा झालेला. पुण्याच्या ऑफिसात गेला, गळ्यात पट्टा आला, आणि मराठी बायकांची लग्नानंतर नावं बदलतात हे गडी विसरला!

आमची कंपनी मूळ डेन्मार्कची. नाव सांगत नाही, उगाच नोटीस यायची. पंपांना लागणारी रबरी सील बनवायची. सात देशांत कारखाने, त्यातला एक साताऱ्याच्या एमआयडीसीत. मी तिथं पर्सोनेलची मॅनेजर, म्हणजे माणसांची हजेरी, रजा, पगार, भांडणं, सगळं माझ्या टेबलावर. हे सगळं सांभाळणारं सॉफ्टवेअर आम्ही साताऱ्यातच बनवून घेतलं होतं. दिसायला गबाळं, पण आमच्या अंगाला बसलेलं. आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते हे त्याला माहीत होतं. भावकीत कुणी गेलं तर माणूस सुतकात बसतो, तेही माहीत होतं.

मुख्यालयाच्या डोक्यात मात्र आलं की सात देशांत सात सॉफ्टवेअर कशाला? एकच ठेवू. सगळी माणसं एका जागी, डेन्मार्कमधल्या एका कॉम्प्युटरात. साताऱ्याचं राहू द्यायचं की गुंडाळायचं, हे ठरवायला त्या दिवशी इंगरबाई येणार होत्या. मुख्यालयातल्या मोठ्या बाई. आणि त्यांना दाखवायला म्हणून दळवीनं आदल्या आठवड्यात आमची सगळी माहिती आपल्या नव्या सिस्टीममध्ये ओतून ठेवली होती.

"बरं," मी म्हटलं, "मग आता ही लाल पट्टी काढा."

"इथून निघत नाही. मुख्यालयाचा चौकशी विभाग आहे. ते विचारतील, कागद मागवतील, मग काय ते ठरेल."

"आणि तोवर?"

"तोवर प्रवेश बंद."

"कुणाचा?"

"तिचाच की. गेट नव्या सिस्टीमला जोडलंय मी सकाळपासून. इंगरला लाइव्ह दाखवायचं होतं."

मी उठलेच. "म्हणजे पोरगी आत्ता गेटवर उभी आहे?"

दळवीनं घड्याळ बघितलं. "असेल. तिची फर्स्ट शिफ्ट आहे."

मी जाताना त्याच्या बशीतली उरलेली बिस्किटं उचलून घेतली. का उचलली ते मला आजही सांगता यायचं नाही.

रोहिणी वॉचमनच्या केबिनला टेकून उभी होती. हातात डब्याची पिशवी. शिफ्टच्या बायका केव्हाच आत गेल्या होत्या, पण आतून खिडकीतून बघत होत्या. मला बघून ती सरळ उभी राहिली. बारीक अंगाची, पण नजर अशी की समोरच्यानं आधी बोलावं.

"मॅडम, माझा अंगठा घेत न्हाई मशीन."

"माहीत आहे मला."

"वॉचमन म्हणतो बाजूला हो. समद्यांच्या म्होरं म्हणला. ती दुसऱ्या लाइनीची अलका, ती म्हणली, रोहिणीनं दुसरीच्या नावावर पगार उचलला म्हणं. कवा उचलला मी? कुणाच्या नावावर?"

"तुझ्याच."

"आँ?"

मी तिला बिस्किटं दिली आणि केबिनमागच्या बाकड्यावर बसवून सगळं सांगितलं. ती कारखान्यात आली तेव्हा कुसुम ज्ञानू फाळके होती. मग लग्न झालं, ती रोहिणी संपत जगदाळे झाली. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये 'माहेरचं नाव' असा एक रकाना होता. जुनं नाव त्यात जायचं, बाई तीच राहायची. नव्या सिस्टीममध्ये तो रकानाच नाही. बाकीच्या बायकांची आडनावं तेवढी बदलली होती, त्या कशाबशा जुळल्या. हिचं पहिलं नावसुद्धा बदललेलं. त्यामुळे एका बाईच्या दोन बायका झाल्या आणि अंगठा दोघींत एकच.

तिनं सगळं ऐकून घेतलं. बिस्किटाला हात लावला नाही.

"मग आता माझं काम?"

आता काय सांगू? खोटं बोलायचा माझा स्वभाव नाही. "ही लाल पट्टी निघाली नाही तर गेलं. चौकशी कधी संपेल देव जाणे. आणि तू चोर ठरलीस तर दुसरीकडेही कोणी घेणार नाही."

संपत रिक्षा चालवायचा. कधी धंदा व्हायचा, कधी नाही. घरात पक्का पगार हिचाच, हे साऱ्या कारखान्याला माहीत होतं.

"आता नीट ऐक," मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "थोड्या वेळानं त्या डेन्मार्कच्या बाई येतील. पट्टी काढायचा अधिकार त्यांना आहे. मी तुला आत बोलावीन. त्या नाव विचारतील. तू एवढंच म्हणायचं, मी रोहिणी, कुसुम हे माझं माहेरचं. बस्स. मी लगेच आपला रकाना उघडून दाखवते. तुझी नोकरी वाचली, आणि आपलं सॉफ्टवेअरही वाचलं. त्यांना कळेल तरी, त्यांच्या मशीनला जे जमलं नाही ते आपल्याला जमतं."

"आन् कुसुम म्हणले तर?"

"वेडी आहेस का? मग विचारतील, रोहिणी कोण? कामावर पक्की झाली ती रोहिणी. ती खोटी ठरली तर संपलंच की सगळं."

"व्हय," ती म्हणाली आणि पिशवीच्या बंदाला पीळ देत बसली.

इंगरबाई आल्या. उंच, पांढरे केस बारीक कापलेले, पायात साध्या चपला. मला वाटलं होतं कुणीतरी खडूस असेल, पण बाई ऐकून घेणाऱ्या होत्या. त्या टेबलाच्या मध्यभागी बसल्या, एका बाजूला दळवी, एका बाजूला मी, आणि कोपऱ्यात आमचे फॅक्टरी मॅनेजर फडतरेसाहेब. फडतरेसाहेबांचे दोन्ही डगरींवर हात. मी बोलले की माझ्याकडे बघून मान हलवायचे, दळवी बोलला की त्याच्याकडे बघून. मान मोकळी राहिली असेल त्यांची, बाकी काही नाही.

माझं इंग्रजी साताऱ्याचं, पण भांडायला पुरतं.

"एक कंपनी, एक सिस्टीम, एक माणूस, एक नाव," दळवीनं सुरुवात केली. पडद्यावर जगाचा नकाशा, सात ठिपके, सगळ्या ठिपक्यांपासून रेघा निघून डेन्मार्कला. "इंगर, साताऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये रजेचेच चौदा प्रकार आहेत. बाकी जगाला चार पुरतात."

"बाकी जगात भावकी असते का?" मी विचारलं.

इंगरबाईंनी विचारलं, भावकी म्हणजे काय. मी सांगितलं, एका आडनावाची, एका कुळाची माणसं. त्यातलं कुणी गेलं की सुतक. माणूस तेरा दिवस घरी. पगार नाही मागत तो त्याचा, पण परत आल्यावर 'कुठं उलथला होतास' असंही कुणी विचारायचं नाही. म्हणून सुतकाची रजा वेगळी. "तुमच्या सिस्टीममध्ये तीन दिवस आहेत. चौथ्या दिवशी तो गैरहजर. दहाव्या दिवशी त्याला नोटीस जाते. माणूस घाटावर पिंडदान करतोय आणि घरी नोटीस!"

इंगरबाई हसल्या नाहीत. त्यांनी लिहून घेतलं.

मग त्यांनी त्यांची बाजूही मांडली, आणि ती काही वाईट नव्हती. त्या म्हणाल्या, एका देशात मॅनेजरनं आपल्या पाहुण्यारावळ्यांना कामावर दाखवून वर्षानुवर्षं पगार काढला आणि मुख्यालयाला पत्ता लागला नाही, कारण तिथलं सॉफ्टवेअर त्याच्याच हातात. "जवळच्या माणसाच्या हातात सगळं असलं की आपलेपणा असतो," त्या म्हणाल्या, "पण लपवायलाही सोपं जातं."  पण मी मनात म्हटलं, थांबा बाई, माझा हुकमाचा पत्ता बाहेर बाकड्यावर बसलाय.

मी लाल पट्टीचा विषय काढला. आमचं सॉफ्टवेअर उघडलं, रोहिणीचं पान काढलं, आणि 'माहेरचं नाव' या रकान्यावर बोट ठेवलं. "हे बघा. आमच्याकडे एकच बाई आहे. तुमच्याकडे तिच्या दोन झाल्या आणि त्यातल्या एकीला चोर केलंत."

इंगरबाई पुढे वाकल्या. त्यांना ते पटत होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. दळवीनं खुर्ची मागे सारली.

"नाव बदलल्याचं कंपनीला कसं कळतं?" त्यांनी विचारलं.

"लग्नपत्रिका आणतात."

"लग्नाचं निमंत्रण?"

"हो. पत्रिकेवर नवं नाव असतं. ती पर्सोनेलला आणून दिली की आम्ही त्याच दिवशी बदलून टाकतो. मुलीला हेलपाटा नको."

"कोण आणून देतं? ती स्वतः?"

"कुणीही. ती बहुतेक रजेवर असते तेव्हा. हळद, मांडव, किती कामं असतात."

मी हे अगदी सहज सांगितलं. आमच्याकडे असंच चालायचं, आणि ते आमच्या आपलेपणाचंच लक्षण, असं मला वाटायचं. इंगरबाईंनी काहीतरी लिहिलं आणि त्याखाली रेघ ओढली.

"तिला बोलवा," त्या म्हणाल्या.

रोहिणी आत आली. पिशवी हातातच. इंगरबाई उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात पुढे केला. रोहिणीनं आधी हाताकडे बघितलं, मग आपला हात पदराला पुसून मिळवला.

"बाई तुझं नाव विचारतायत," मी म्हटलं आणि डोळ्यांनी खुणावलं.

"खरं नाव," दळवी मध्ये टपकला. "खरं काय ते सांग."

तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली.  मी पुन्हा खुणावलं. फडतरेसाहेब उगाच कागद सारखे करत होते.

"कुसुम," ती म्हणाली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला! मघापासून एवढं पढवलं, जीव तोडून सांगितलं, आणि या बयेनं ऐनवेळी माती खाल्ली. मी मराठीतच ओरडले, "अगं, काय बोलतीयस तू? काय ठरलं होतं आपलं?"

"खरं इचारलं त्येंनी," ती म्हणाली. "खरं कुसुम हाय."

दळवीचा चेहरा उजळला. "बघा! तिनं स्वतः कबूल केलं. कुसुम खरी, म्हणजे रोहिणी खोटी. इंगर, आता प्रश्नच उरला नाही."

इंगरबाईंनी त्याला हातानं थांबवलं आणि विचारलं, "मग रोहिणी कोण आहे?"

मी भाषांतर केलं. 

"त्ये माझ्या सासऱ्यांना इचारा," ती म्हणाली. "न्हाईतर ह्या साहेबांना इचारा. पेढा त्येंनी खाल्ला."

तिनं बोट दाखवलं ते सरळ फडतरेसाहेबांकडे.

तेव्हा कुठे मला थोडं उमगलं. तिच्या लग्नाच्या वेळी मी पर्सोनेलला नव्हतेच, फडतरेसाहेब होते. आणि तिचे सासरे आमच्याच कारखान्यात फोरमन. दोघं एका डब्यात जेवणारे.

"काय झालं होतं?" मी विचारलं.

"काय व्हायचं? माझी थोरली जाऊ, तिचं नाव कुसुम. मी यायच्या आधीपासनं. सासरे म्हणले, एका घरात दोन कुसुम कशाला? हाक मारली तर दोघी येतील. हिचं रोहिणी ठेवा. ताटात तांदूळ पसरलं, ह्येंनी अंगठीनं रोहिणी काढलं. मी म्हणलं, घरात काय म्हणायचं ते म्हणा. पर कामावर मी कुसुमच राहीन. कामाला मी आधी लागले, लगीन मागनं झालं. सासरे हसले. म्हणले, बघू."

 इंगरबाई माझ्याकडे बघत होत्या, मी भराभर सांगत होते.

"हळदीची रजा संपवून आले. कार्ड पंच करायला गेले तर कार्डावर रोहिणी. मी म्हणलं ह्ये कुणाचं? तर म्हणले तुझंच. सासऱ्यांनी पत्रिका आन् पेढ्याचा पुडा आणून दिला आन् साहेबांनी नाव बदललं. मी लाइनीवर रडले. बायका म्हणल्या, नवी नवरी हाय, माहेर आठवतंय."

"फडतरेसाहेब?" मी म्हटलं.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "पद्धतच होती तशी. सगळ्यांचंच तसं करायचो. आणि तिनं कधी तक्रार नाही केली."

"केली की," ती म्हणाली. "तुमच्या केबिनीत आले व्हते. तुम्ही म्हणला, अगं, सासरचं नाव लावायला नशीब लागतं."

"पेढे कसले होते हो साहेब?" मला स्वतःलाच थांबता येईना. "कंदी होते का? एका पुड्यावर एका बाईचं नाव देऊन टाकलंत, निदान चांगले तरी होते का?"

"बर्गे मॅडम, बाहेरच्या माणसांसमोर..."

"बाहेरचीच विचारतायत म्हणून तर कळलं! आतल्यांनी कधी विचारलं?"

दळवीला आता राहवेना. त्यानं लॅपटॉप इंगरबाईंसमोर सरकवला. "हे सगळं फार दुःखद आहे, पण सिस्टीमचा मुद्दा तोच राहतो. रोहिणी जगदाळे या नावाची व्यक्ती अस्तित्वात नाही. तिच्या नावानं पगार निघाला. म्हणजे भूत."

मग मात्र मी उभीच राहिले.

"दळवी, तुमच्या आईचं नाव काय?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"सांगा तर."

"सुलोचना."

"आणि माहेरचं?"

तो घुटमळला. "इंदू."

"तिला माहेरी अजून कुणी इंदू म्हणतं?"

"मामा म्हणतो."

"मग सांगा, भूत कोण? इंदू की सुलोचना? तुम्ही कुणाच्या पोटी जन्मलात?"

दळवीचे कान लाल झाले.  त्याला लागलं होतं, आणि लागावं म्हणूनच मी बोलले होते. मला अजिबात वाईट वाटलं नाही.

"इंगर," मी म्हटलं, "नाव दोन असतील. नाव बापानं ठेवलं, सासऱ्यानं बदललं, साहेबानं पेढा खाऊन टाइप केलं. पण अंगठा? अंगठ्याला माहेर-सासर नसतं. सकाळी साडेसहाची बस पकडून जो अंगठा इथं येतो तो तिचाच. सील तिनं जोडली. तुमच्या मशीननं ते बरोब्बर ओळखलं, म्हणालं हा अंगठा एकच आहे. तिथंच थांबायचं होतं! पुढं जाऊन चोर कशाला म्हणालं?"

 इंगरबाईंनी आमचं सॉफ्टवेअर स्वतःकडे ओढलं आणि माहेरच्या नावाच्या त्या रकान्यावर बोट ठेवलं. "इथे ती आधी कोण होती ते आहे. नाव बदला असं कुणी सांगितलं, ते कुठे आहे?"

मी बघितलं. तारीख होती. फडतरेसाहेबांची सही होती. ती कुठेच नव्हती. ज्या रकान्याच्या जिवावर मी सकाळपासून भांडत होते, त्यात तिचं नाव एखाद्या जुन्या ट्रंकेत टाकावं तसं टाकून ठेवलं होतं.

"म्हणजे मॅडम," कुसुम माझ्याकडे वळली. तिचा आवाज चढला नव्हता, पण राग होता, आणि तो माझ्यावरही होता. "त्यांचं मशीन म्हणतंय एका अंगठ्याला दोन बायका चालत न्हाईत, एक काढा. सासरे म्हणले एका घरात दोन कुसुम चालत न्हाईत, एक काढा. आन् तुम्ही म्हणताय रोहिणी म्हण, सुटशील. समद्यांनी मलाच काढलं. मी ऱ्हाऊ कुठं?"

 इंगरबाई म्हणाल्या, काय म्हणाली? मी सांगितलं. सगळं सांगितलं, माझ्यावरचं वाक्यसुद्धा.

इंगरबाईंनी लाल पट्टीवर बोट ठेवलं, आपला पासवर्ड टाकला, पट्टी गेली. "दोन्ही नावांची नोकरी एकत्र. अंगठा एक, नोकरी एक. नाव ती सांगेल ते," त्या म्हणाल्या. एवढंच. इतक्या गदारोळासाठी फक्त एक पासवर्ड लागत होता! तो दळवीनं सकाळी फोन करून मागितला असता तर ती गेटवर उभी राहिली नसती. पण तेवढी तसदी कोण घेणार?

सॉफ्टवेअरचा निकाल काय लागला, तेही सांगून टाकते. माणसाची माहिती डेन्मार्कच्या कॉम्प्युटरात, आणि रजा, सुट्ट्या, सुतक हे सगळं ज्या त्या देशाच्या हातात. भांडं त्यांचं, आमटी आमची. नाव बदलायचं तर ज्याचं त्यानं येऊन अंगठा लावायचा, पत्रिका चालणार नाही, ही अट सगळ्या देशांना लागू झाली. त्यासाठी पुण्याच्या ऑफिसात दळवीचा सत्कार झाला म्हणे, शाल-बिल. फडतरेसाहेब मानानं रिटायर झाले. त्यांच्या निरोप समारंभाला पेढे होते, मी नाही घेतला.

पण त्या दिवसाचं शेवटचं राहिलंच.

इंगरबाई म्हणाल्या, आत्ताच नाव भरा. दळवीनं नवं पान उघडलं. आता तो जरा जपून बोलत होता. "पहिलं नाव?"

"कुसुम."

त्यानं टाइप केलं. "आडनाव? फाळके लिहू की जगदाळे?"

फडतरेसाहेब मागून हळूच म्हणाले, "जगदाळेच लिही बाळ, घरी बरं दिसेल."

ती त्यांच्याकडे वळलीसुद्धा नाही. "फाळके म्हंजे बा," ती म्हणाली. "लगीन ठरवताना त्यानं बी इचारलं न्हाई मला. जगदाळे म्हंजे सासरे. दोन्ही नको. नुसतं कुसुम."

"अगं, आडनाव लागतंच," दळवी म्हणाला. त्यानं ती जागा रिकामी सोडून बटण दाबलं. टुंग. पडद्यावर आलं, आडनाव भरा. पुन्हा दाबलं. टुंग. सात देशांत चालणारी सिस्टीम ती, पण एका नावाची बाई तिला चालेना. "मॅडम, खरंच घेत नाही. बिनाआडनावाचा माणूस नसतोच जगात."

माझ्या ओठांवर शिव्या आल्या होत्या. मी इंगरबाईंकडे वळणार, एवढ्यात कुसुमनं डब्याची पिशवी टेबलावर ठेवली, खुर्ची ओढली आणि दळवीच्या शेजारी बसली. आदल्या दिवसापर्यंत ही बाई पर्सोनेलच्या दारात चपला काढून उभी राहायची.

"म्हंजे नाव दोनदा लिहायला लागतंय, एवढंच ना?" तिनं विचारलं.

"हो... म्हणजे, तसंच."

"मग दोन्ही बारीला कुसुमच लिवा."